बदलत्या नोकरीच्या बाजारात करिअरचे नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण संपवत आलेले विद्यार्थी, एकाच क्षेत्रात बरीच वर्षे काढलेले नोकरदार आणि नोकरी गेल्यामुळे नव्याने सुरुवात करणारे लोक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास तेथील प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. बाजार दर दोन-तीन वर्षांनी बदलत असेल, तर करिअरचे नियोजन करण्यात अर्थ तरी काय?

अर्थ आहे, मात्र नियोजन कशाचे करायचे हे बदलले आहे. व्यवसाय मार्गदर्शनाचा पाया फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टन येथे घातला. त्यांची मांडणी सरळ होती: आधी स्वतःला ओळखावे, मग निरनिराळ्या कामांची माहिती घ्यावी आणि विचारपूर्वक दोन्हींचा मेळ घालावा. ही मांडणी आजही उपयोगी आहे, पण एकदा निवडलेले काम पुढे साधारण तसेच राहील, असे तिने गृहीत धरलेले असते आणि आज नेमके तेच गृहीतक टिकत नाही. १९९९ मध्ये जॉन क्रंबोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याउलट विचार मांडला की बहुतेकांच्या करिअरमध्ये अनपेक्षित घटनांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे अशा घटना घडण्याची आणि त्यांचा फायदा उठवण्याची तयारी करणे हाच नियोजनाचा भाग मानला पाहिजे.

आमचे मत असे आहे की वीस वर्षांनंतरचे पद ठरवण्यात वेळ घालवू नये, परंतु पुढची दोन वर्षे कोणती कामे शिकायची, कोणती सोडायची आणि कशाची चाचणी घ्यायची हे मात्र लिहून काढण्याइतके पक्के ठरवावे. नियोजन न करणाऱ्याचेही निर्णय होतच असतात, फक्त ते दुसरे कोणीतरी घेत असते.

२. मग प्रत्यक्ष लिहून काय ठेवायचे?

एक पान पुरते. त्यावर पहिल्यांदा, कोणी पैसे मोजेल इतक्या सफाईने तुम्हाला करता येणारी कामे लिहा. पदांची नावे लिहू नका. ‘व्यवस्थापक’ या शब्दातून काहीच कळत नाही, तर ‘नाराज ग्राहकाशी बोलून करार टिकवणे’ यातून बरेच कळते. त्यानंतर येत्या दोन वर्षांत नोकरीकडून तुम्हाला किमान काय हवे ते लिहा: किती उत्पन्नाखाली घर चालणार नाही, राहण्याचे ठिकाण बदलता येईल का, संध्याकाळचा वेळ कोणासाठी राखून ठेवावा लागतो. ही अट न लिहिल्यामुळेच अनेकांच्या योजना कागदावर उत्तम दिसतात आणि दोन महिन्यांत कोलमडतात.

शेवटी, चाचणी घेण्याजोगी एकच गोष्ट आणि तिची तारीख लिहा (प्रश्न ८ पाहा). तिच्याखाली एक वाक्य अवश्य लिहावे: ‘अमुक दिसले तर मी ही दिशा सोडीन.’ हे वाक्य आधीच लिहिलेले नसेल, तर माणूस गुंतवलेल्या वेळेच्या मोहात पडतो आणि न जमणारी गोष्टही ओढत राहतो. पान दर सहा महिन्यांनी नव्याने लिहावे, मात्र जुने पान फेकू नये. आपण काय समजत होतो आणि प्रत्यक्षात काय घडले, हे त्यावरूनच कळते.

३. माझे काम एआय किंवा यंत्र हिरावून घेईल का, हे कसे ओळखावे?

पद पाहून ओळखता येत नाही, पदाखाली येणारी एकेक कामे पाहून ओळखता येते. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मर्नेन यांनी २००३ मध्ये हीच दिशा दाखवली होती: संगणक आख्ख्या नोकरीऐवजी तिच्यातील नियमबद्ध, ठराविक कामे घेतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर ‘ठराविक’ या शब्दाची व्याप्ती वाढली आणि मसुदा लिहिणे, सारांश काढणे, भाषांतर करणे, कोड लिहिणे हीसुद्धा अंशतः त्यात आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासात कारकुनी कामे या तंत्रज्ञानापुढे सर्वाधिक उघडी असल्याचे आढळले, पण बहुतेक इतर व्यवसायांत नोकरी नाहीशी होण्यापेक्षा तिचे स्वरूप बदलण्याची शक्यता अधिक असल्याचेही त्यात म्हटले होते.

हे स्वतःला लावून पाहण्यासाठी एक आठवडा कामाची नोंद ठेवा. समजा, तुम्ही हिशेब विभागात आहात. तुमच्या आठवड्यात पुरवठादारांची बिले चढवणे, बँकेच्या उताऱ्याशी नोंदी जुळवणे, न जुळणाऱ्या नोंदींचा छडा लावणे, थकबाकीसाठी ग्राहकाला फोन करून त्याला झेपतील असे हप्ते ठरवणे, लेखापरीक्षकाच्या शंकांना उत्तरे देणे आणि महिनाअखेरीस खर्च का वाढला ते वरिष्ठांना समजावून सांगणे अशी कामे येतात. प्रत्येकासमोर तास लिहा आणि तीन प्रश्न विचारा. कामाचा कच्चा माल दर वेळी सारख्याच स्वरूपात येतो का? चूक झाली तर जबाब कोणाला द्यावा लागतो? आणि कोठेही न लिहिलेली, माणसांच्या डोक्यात असलेली माहिती त्यासाठी लागते का?

बिले चढवणे आणि नोंदी जुळवणे ही कामे पहिल्याच प्रश्नात यंत्राच्या बाजूला झुकतात. न जुळणाऱ्या नोंदीचा छडा लावताना मात्र अमुक पुरवठादार दर मार्चमध्ये दोन बिले एकत्र पाठवतो, हे माहीत असावे लागते, आणि थकबाकीचा फोन तर सर्वस्वी माणसाच्या पारखेवर चालतो. चाळीसपैकी पंचवीस तास पहिल्या दोन कामांत जात असतील, तर धोका खरा आहे. त्यावरचा उपाय क्षेत्र सोडणे हाच असतो असे नाही. उरलेल्या कामांचे तास वाढवून घेणे, म्हणजे थकबाकीची जबाबदारी मागून घेणे किंवा नोंदी जुळवणारी नवी प्रणाली बसवताना चाचणीसाठी स्वतः पुढे होणे, हा बहुतेकदा अधिक जवळचा मार्ग असतो.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पहिले एटीएम १९६७ मध्ये लंडनच्या एनफील्ड भागात बसले, तेव्हा बँकेतील रोखपाल संपणार असे वाटणे स्वाभाविक होते. अमेरिकेत १९८० ते २०१० या काळात एटीएमची संख्या काही लाखांवर गेली, तरी रोखपालांची एकूण संख्या घटली नाही, उलट किंचित वाढली. शाखा चालवण्याचा खर्च उतरल्याने बँकांनी शाखा वाढवल्या आणि रोखपालाचे काम नोटा मोजण्याकडून ग्राहकांशी बोलण्याकडे सरकले. मात्र २०१० नंतर मोबाइलवरून व्यवहार होऊ लागले, शाखेत येण्याचीच गरज कमी झाली आणि ती संख्या उतरू लागली. म्हणून ‘या यंत्राने माझे काम गेले नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. ग्राहकाला तुमच्या दारात येण्याची गरज कशामुळे संपेल, हाही प्रश्न विचारावा.

४. ‘इतके टक्के नोकऱ्या जाणार’ अशा बातम्यांवर किती विश्वास ठेवावा?

दिशा समजून घेण्यापुरता. ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑसबॉर्न यांनी २०१३ मध्ये ७०२ व्यवसाय तपासून अमेरिकेतील ४७ टक्के रोजगार यांत्रिकीकरणाच्या मोठ्या धोक्यात असल्याचे म्हटले. २०१६ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात २१ देशांची सरासरी केवळ ९ टक्के निघाली, कारण तेथे व्यवसायाऐवजी प्रत्यक्ष कामे मोजली होती. एवढी मोठी तफावत केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे पडते. शिवाय ‘धोक्यात’ याचा अर्थ ‘जाणार’ असा नसतो. जागतिक आर्थिक मंचाने २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत ९.२ कोटी नोकऱ्या जातील आणि १७ कोटी नव्या निर्माण होतील असा अंदाज दिला आहे, पण तो प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांना विचारलेल्या प्रश्नांवर आधारलेला आहे आणि जाणारी नोकरी व येणारी नोकरी एकाच माणसाला, एकाच गावात मिळेल असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

स्वतःच्या निर्णयासाठी याहून चांगली आकडेवारी तुमच्या हाताशी आहे. तुम्हाला हव्या असलेल्या कामाच्या जाहिराती दर तिमाहीला वाचा आणि कोणत्या अपेक्षा नव्याने दिसू लागल्या, कोणत्या नाहीशा झाल्या याची नोंद ठेवा.

५. सर्वांत सुरक्षित क्षेत्र कोणते? मुलांना सांगायचे तर काय सांगावे?

अशी यादी देण्याचे आम्ही जाणीवपूर्वक टाळतो, कारण जाणकारांचेही अंदाज चुकतात. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासारख्या एआयमधील आघाडीच्या संशोधकाने रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन यांसारख्या प्रतिमा वाचून निदान करणारे डॉक्टर) घडवणे आता थांबवावे, असे जाहीरपणे सांगितले होते. पाचएक वर्षांत यंत्रे प्रतिमा अधिक चांगल्या वाचतील, असे त्यांचे म्हणणे होते. तंत्रज्ञान खरोखरच वेगाने सुधारले, तरीही रेडिओलॉजिस्टची गरज संपली नाही, कारण प्रतिमा वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी चर्चा, पुढची तपासणी ठरवणे आणि निदानाची जबाबदारी घेणे हेही त्यातच येते. ज्याने त्या एका वाक्यावर विसंबून हे क्षेत्र सोडले असेल, त्याचे नुकसानच झाले.

मुलांना क्षेत्राऐवजी पाया सांगावा: स्पष्ट लिहिणे-बोलणे, आकड्यांची भीती नसणे, आणि कोणताही एक विषय इतका खोलवर जाऊन शिकणे की ‘नीट येणे’ म्हणजे काय असते हे अनुभवाने कळावे. विषय पुढे बदलला, तरी शिकण्याची ही सवय सोबत येते.

६. आवडीचे काम करावे की मागणी असलेले?

ही दोन टोके वाटतात तितकी दूर नसतात. पुष्कळदा आवड आधी नसते, काम जमू लागले, त्यात आपले मत विचारले जाऊ लागले की मग ती निर्माण होते. त्यामुळे मागणी असलेल्या कामांपैकी जे तुम्हाला सहन करण्यापलीकडे थोडे तरी बरे वाटते, तेथून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. ज्या कामाचा खरोखर तिटकारा आहे ते मात्र केवळ मागणीसाठी निवडू नये. अशा कामात माणूस नवे शिकणे सर्वांत आधी सोडतो आणि बदलत्या बाजारात तेच सर्वांत महागात पडते.

७. कोणता कोर्स करावा? प्रमाणपत्रांचा खरोखर उपयोग होतो का?

काही ठिकाणी प्रमाणपत्राशिवाय दारच उघडत नाही. त्या परवानाधारक व्यवसायांबद्दल प्रश्न १३ पाहा. इतरत्र प्रमाणपत्र हे फार तर ‘या व्यक्तीने शिकायला सुरुवात केली आहे’ एवढेच सांगते. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. ज्या जागेसाठी तुम्ही शिकणार आहात, तशा वीस जाहिराती वाचून त्यांत त्या प्रमाणपत्राचे नाव किती वेळा येते ते मोजावे. तो कोर्स पूर्ण करून सध्या त्याच कामात असलेल्या दोन व्यक्तींशी बोलावे, आणि त्या संस्थेने सुचवलेल्या नसाव्यात. त्याच विषयाचे एक छोटे काम, मोफत साहित्याच्या आधारे, आधी स्वतः करून पाहावे. या तिसऱ्या पायरीवरच बहुतेकांना विषय आपला आहे की नाही ते कळते.

कोर्सवर कोर्स करत राहणे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. एक कोर्स, त्यातून केलेले एक दाखवता येण्याजोगे काम, आणि ते काम पाहून जाणत्या माणसाने काढलेल्या चुका, असा क्रम ठेवावा. कर्मचारी निवडीवरील संशोधनातही केवळ अनुभवाची वर्षे मोजण्यापेक्षा कामाचा प्रत्यक्ष नमुना पाहणे हा उमेदवार पारखण्याचा अधिक भरवशाचा मार्ग ठरला आहे.

८. आहे ती नोकरी न सोडता नवे क्षेत्र कसे आजमावावे?

हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हा जुना सल्ला येथे तंतोतंत लागू पडतो. सर्वांत स्वस्त चाचणी संभाषणाची असते. त्या क्षेत्रातील व्यक्तीला ‘तुमचे काम कसे आहे’ असे विचारू नका, ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केले’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक क्षेत्राची जाहिरात सांगतात, दुसऱ्याला दिवसाचा खरा हिशेब. त्यापुढची पायरी म्हणजे सध्याच्या संस्थेतच शेजारच्या विभागाचे एखादे काम अंगावर घेणे, आणि त्यानंतर सुट्टीच्या दिवसांत बाहेरचे छोटे, मोबदला मिळणारे काम करणे. मोबदला थोडा असला तरी चालेल, पण तो असावा, कारण पैसे देणारा माणूस कामाबद्दल खरे बोलतो. बाहेरचे काम घेण्याआधी नियुक्तीच्या करारातील अटी वाचाव्यात (प्रश्न १४).

९. माझ्या ओळखी नाहीत. ओळखीशिवाय चांगली नोकरी मिळते का?

मिळते, आणि उपयोगी ओळखी म्हणजे घट्ट मैत्री हा समजही बरोबर नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये बोस्टनच्या एका उपनगरातील नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त सुमारे १७ टक्के लोक त्या ओळखीच्या व्यक्तीला वारंवार भेटत होते, बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. याचे कारण उघड आहे: जवळच्या मित्रांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर झालेल्या अभ्यासातही मध्यम प्रमाणात सैल असलेल्या ओळखीच नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या.

म्हणून जुने सहकारी, एकेकाळचे वर्गमित्र, एखाद्या कामानिमित्त दोनदा बोललेली व्यक्ती यांची यादी करा आणि नोकरी मागण्यासाठी नव्हे, माहिती विचारण्यासाठी त्यांना लिहा. संदेश चार ओळींचा असावा, त्यात पंधरा मिनिटांत उत्तर देता येईल असा एक नेमका प्रश्न असावा आणि नंतर त्या सल्ल्याचे काय झाले ते आवर्जून कळवावे. हे शेवटचे फार थोडे लोक करतात. संकोची स्वभावाच्या लोकांनाही हे लेखी स्वरूपात व्यवस्थित जमते.

१०. मंदीच्या वर्षात पदवी मिळाली. पूर्ण करिअरच मागे पडेल का?

सुरुवातीला फटका बसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. कॅनडातील पदवीधरांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर आधारित, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंदीत बाहेर पडलेल्यांचे सुरुवातीचे उत्पन्न सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळले. हा फरक पाच वर्षांत निम्म्यावर आला आणि दहा वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. ज्यांनी भरपाई केली, त्यांपैकी अनेकांनी ती अधिक चांगल्या संस्थेत जाऊन केली. यातून मिळणारी सूचना स्पष्ट आहे: मंदीत मिळेल ती पहिली नोकरी घ्यावी, पण बाजार सावरू लागताच नव्या संधींसाठी अर्ज करणे सुरू करावे. पहिल्या नोकरीबद्दलच्या कृतज्ञतेपोटी अनेक चांगली माणसे चार-पाच वर्षे जागेवरून हलत नाहीत आणि तोटा कायमचा करून घेतात.

११. चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर क्षेत्र बदलणे शक्य आहे का?

शक्य आहे, परंतु सगळेच एकदम बदलू नये. क्षेत्र आणि कामाचा प्रकार या दोहोंपैकी एक तसेच ठेवून दुसरे बदलावे. कारखान्यात उत्पादन सांभाळलेली व्यक्ती त्याच उद्योगाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अंमलबजावणीत जाऊ शकते. तेथे तिला संगणकाचे ज्ञान तरुणांइतके नसले, तरी पाळी बदलताना नेमका कोठे गोंधळ होतो हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. वयामुळे होणारा भेदभाव खरा आहे आणि तो सहन करावा लागणे अन्यायकारक आहे. जाहिरातीला अर्ज पाठवण्याच्या मार्गात तो सर्वाधिक जाणवतो, म्हणून या वयात प्रश्न ९ मधील मार्गाला अधिक वेळ द्यावा.

१२. नोकरीत खंड पडला आहे. रेझ्युमेमध्ये तो लपवावा का?

लपवू नये. अमेरिकेत सुमारे १२ हजार काल्पनिक रेझ्युमे सुमारे ३ हजार जागांसाठी पाठवून केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की बेकारीचा काळ लांबेल तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होत जाते आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते. म्हणजे खंड पडल्यास पहिले काही महिने मौल्यवान आहेत. या काळात अंशकालीन किंवा छोटे कंत्राटी काम मिळत असेल तर घ्यावे, आणि ते तारखांसह लिहावे.

खंड मोठा असेल, तर एका ओळीत कारण आणि पुढच्या ओळीत सध्याची तयारी लिहावी. उदाहरणार्थ, ‘२०२१ ते २०२४: कुटुंबातील आजारी सदस्याची पूर्णवेळ काळजी. गेल्या सहा महिन्यांपासून एका सेवाभावी संस्थेचे मासिक हिशेब सांभाळत आहे.’ याहून अधिक स्पष्टीकरण देऊ नये. काळजी घेण्यात गेलेली वर्षे लाजिरवाणी नाहीत आणि त्यांबद्दल माफीचा सूर लावण्याची कोणालाही गरज नाही.

१३. माझा व्यवसाय परवान्यावर चालतो. वरील सल्ला मला लागू होतो का?

अंशतः. वैद्यक, वकिली, विमानचालन यांसारख्या व्यवसायांत परवाना बाहेरच्या स्पर्धेपासून संरक्षण देतो, पण त्याच वेळी तो तुम्हाला एका देशाच्या किंवा प्रांताच्या नियमांशी बांधूनही ठेवतो. त्यामुळे स्थलांतर करायचे असेल, तर नोकरी शोधण्याआधी तुमची पात्रता तेथे मान्य होते का, कोणत्या परीक्षा द्याव्या लागतील आणि त्यात किती काळ जाईल, हे तेथील नियामक मंडळाकडूनच जाणून घ्यावे. दलालाच्या शब्दावर अवलंबून राहू नये. व्यवसाय तात्पुरता सोडणार असलात, तर नूतनीकरणाच्या अटी पाळून परवाना जिवंत ठेवता येतो का ते पाहावे. एकदा तो गेला की परत मिळवणे बरेचदा सुरुवातीपेक्षाही किचकट असते.

१४. नोकरी सोडून प्रतिस्पर्धी संस्थेत जायचे आहे, पण करारात मनाई आहे. काय करावे?

अशा अटींची कायदेशीर ताकद ठिकाणानुसार फार वेगळी असते. कॅलिफोर्नियात त्या सर्वसाधारणपणे लागू करता येत नाहीत, तर इतर अनेक ठिकाणी मुदत आणि व्याप्ती वाजवी असल्यास न्यायालये त्या मान्य करतात. म्हणून सहकाऱ्याच्या अनुभवावर न जाता राजीनाम्याआधी श्रम कायद्याच्या वकिलाला प्रत्यक्ष करार दाखवावा. स्पर्धा न करण्याची अट, ग्राहक न पळवण्याची अट आणि गोपनीयतेची अट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लागू नसली, तरी उरलेल्या दोन बहुधा लागू असतात. शेवटच्या आठवड्यात कामाच्या फाइल, ग्राहकांच्या याद्या किंवा ईमेल स्वतःच्या खात्यावर पाठवणे पूर्णपणे टाळावे, मग त्या तुम्ही स्वतः तयार केलेल्या का असेनात. नव्या संस्थेला या अटींची कल्पना नियुक्तिपत्र मिळण्याआधीच लेखी द्यावी.